चारही पिस्टनचं एकच माप

डिंडोलीतल्या हेमराज मिस्त्रीला चेतनने विचारलं, "काका, इंजिनाचं ब्लूप्रिंटिंग जमेल?" तेव्हा तो लगेच हो म्हणाला.

काम त्याला ठाऊक होतं. कारखान्यातून इंजिन निघतं तेव्हा त्याचा प्रत्येक भाग नकाशातल्या मापापेक्षा किंचित कमी-जास्त असतो. रोजच्या गाडीला ते चालून जातं. ब्लूप्रिंटिंगमध्ये सगळं इंजिन खोलायचं, एकेक भाग मोजायचा आणि घासून, कापून, बदलून तो नकाशातल्या मापाच्या शक्य तितका जवळ आणायचा. चेतनला बारडोलीजवळच्या मैदानावर आपली जुनी गाडी शर्यतीत उतरवायची होती. त्याची अट एकच होती, प्रत्येक माप कागदावर लिहून हवं.

नुसत्या आवाजावरून बेअरिंगचा दोष सांगणारा मिस्त्री म्हणून हेमराजचं नाव होतं. पण वर्षभरापासून त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. चष्मा लावूनही मायक्रोमीटरच्या रेघा एकमेकींत मिसळायच्या. हे त्याने घरीही सांगितलं नव्हतं. दिसत नाही म्हटल्यावर इंजिन कोण देणार?

वजनकाट्याचे आकडे मोठे असतात, म्हणून पिस्टनची वजनं त्याने नीट सारखी केली. मापं घ्यायला मात्र तो उन्हात जाऊन बसला. पहिला पिस्टन तीनदा मोजला, तिन्ही वेळा वेगळा आकडा आला. शेवटी नव्या पिस्टनच्या खोक्यावर छापलेलं माप त्याने चारही रकान्यांत उतरवलं.

सचिन गावातल्या एका वर्कशॉपात भागीरथी बारा वर्षांपासून बोरिंग मशीन चालवत होती. हेमराजसारखीच तीही खान्देशातली. सिलिंडर कापण्याआधी ती पिस्टन स्वतः मोजून घ्यायची. या वेळी हेमराजने पिस्टन न पाठवता नुसता इंजिनाचा ब्लॉक आणि तो कागद पाठवला. "पिस्टनची वजनं सारखी केलीत ताई, मापं लिहिली आहेत," असं फोनवर सांगितलं. तिने विश्वास ठेवला आणि चारही सिलिंडर एकाच मापाला कापले.

इंजिन बसलं, सुरू झालं. गाडी न्यायला चेतन घारी मिठाईचा डबा घेऊन आला. त्याने मापांचा कागद लॅमिनेट करून आणला होता. योगायोगाने भागीरथीही एक सुटा भाग द्यायला आली होती.

"बघा मावशी, काकांचं काम. चारही पिस्टन हुबेहूब सारखे," चेतनने तिला कागद दाखवला.

भागीरथीने कागद आता नीट वाचला. मोजलेले चार पिस्टन असे हुबेहूब कधीच निघत नाहीत, आणि उगाच आकडे लिहिणारा मिस्त्री हेमराज नव्हता. मग तिने हेमराजकडे पाहिलं. हेमराज घारीचा डबा उघडत बसला. त्याला तिच्याकडे बघवेना.

चेतन गाडी घेऊन गेल्यावर ती हळूच म्हणाली, "भाऊ, तुले दिखस का?"

त्याने मान खाली घातली.

"मी त्याच मापावर सिलिंडर कापले," ती म्हणाली. "एखादा पिस्टन जाड निघाला तर इंजिन जाम होईल. पोरगं वेगात असताना झालं तर? तू फोन कर. नाहीतर मी करते."

हेमराजने फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. तिसऱ्यांदा लावला. "चेतन, कडोदऱ्यापर्यंत गेला असशील तरी परत ये. मी ती मापं घेतलीच नाहीत. खोटी लिहिली."

चेतन परत आल्यावर इंजिन पुन्हा खोललं. चौथ्या पिस्टनवर घासल्याच्या रेघा उमटल्या होत्या. भागीरथीने तो मोजला, बाकीच्यांपेक्षा दोन शतांश मिलिमीटर जाड होता. हेमराजला वाटलं, चेतन आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काका, सांगायचं होतंत," चेतन म्हणाला. "मी आकडे वाचून दिले असते."

हेमराज हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

रविवारची शर्यत बुडाली. खराब झालेला पिस्टन बदलून काम पुन्हा सुरू झालं. भागीरथी सुट्टीच्या दिवशी येऊन मोजायची आणि हेमराज तिने सांगितलेले आकडे मोठ्या अक्षरांत लिहायचा. चेतन रोज यायचा, "काका, चहा घेतला का?" म्हणून विचारायचा. माप विचारायचं असलं की मात्र भागीरथीकडे वळायचा. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं, हे हेमराजला कळत होतं.

त्या आठवड्यात त्याने बायकोला डोळ्यांचं सांगितलं. ऑपरेशनची तारीख मिळाली. बायको म्हणाली, "एवढं काय लपवायचं त्यात?" चेतनला दिलेल्या खोट्या मापांचं त्याने तिला अजून सांगितलेलं नाही.