साहेबांच्या रकान्यावरचा पडदा

कार्यालयाची जीप एकच होती आणि तिच्यात बसायला तिघेजण तीन दिशांना निघाले होते. एकाला बाळापूरला जायचे होते, दुसऱ्याला अकोटला, तिसऱ्याला मूर्तिजापूरला. तिघांनाही साहेबांनी तोंडी परवानगी दिली होती आणि तिन्ही परवानग्या खऱ्या होत्या.

"मले काय," ड्रायव्हर किसनराव चाकामागे बसून म्हणाला. "जीपले चाकं चार हायेत. एकेक घ्या, एक माह्यासाठी ठेवा."

त्या दिवशी कोणीच कुठे गेले नाही. बाळापूरला बैठकीसाठी सकाळपासून सतरंजीवर बसलेली माणसे दिवस मावळल्यावर सतरंजी झटकून घरी गेली. त्यांची तक्रार चार दिवसांनी अकोल्याच्या कार्यालयात पोचली, तेव्हा साहेबांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावून विचारले की ह्यावर काही उपाय आहे की नाही. साहेब पुण्याकडचे होते. प्रश्न विचारला की उत्तर मिळते अशी त्यांची अजून समजूत होती.

सगळे आपापल्या चपलांकडे पाहत उभे राहिले. आस्थापना शाखेतला कारकून भगवंत धनोकार तेवढा बोलला. "साहेब, आमच्या मळ्यात एका विहिरीवर चार घरं आहेत. कोणाची मोट कोणत्या दिवशी, ते विहिरीजवळच्या भिंतीवर गेरूने मांडून ठेवतो आम्ही. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. भांडण होत नाही."

"मळ्यातलं कार्यालयात चालेल का, धनोकार?"

"पाणी तर चालतं, साहेब," भगवंत म्हणाला.

महाराष्ट्र होऊन दोन वर्षे होत आली होती. कार्यालयात एकोणीस माणसे होती आणि एकोणीस डायऱ्या. प्रत्येकाची डायरी त्याच्या टेबलाच्या खणात असे आणि खणाला कुलूप असे. कोण कुठे दौऱ्यावर आहे, कोणाची बैठक कधी आहे, कोण रजेवर आहे, हे ज्याचे त्याला माहीत असे; काहींना तेही नसे. भगवंतने ठरवले की सगळ्यांचा महिना एकाच तक्त्यावर आणायचा. सहा फूट रुंद पुठ्ठा, एकोणीस रकाने, एकतीस ओळी. ज्याने त्याने आपल्या रकान्यात आपले काम लिहायचे. जीप हवी असेल तर तारखेभोवती गोल करायचा. दुसऱ्याचा गोल आधी दिसला तर आपली तारीख बदलायची.

काम साधे होते, म्हणून त्याला सात आठवडे लागले. भगवंत रोज एकेका टेबलाशी जाऊन उभा राही. हेडक्लार्क मोरोपंतांनी पहिली हरकत घेतली.

"म्हणजे मी कधी रजेवर आहे ते शिपायालासुद्धा कळणार?"

"त्याले आताही कळते, मोरोपंत. तुम्ही नसले की तुमची टोपी खुर्चीच्या पाठीवर तोच तं ठेवते."

मोरोपंतांनी ही गोष्ट विनोद म्हणून घेतली नाही. लक्षात मात्र ठेवली.

मग कोणी लिहायचे आणि कोणी वाचायचे ह्यावर तीन बैठका झाल्या. असे ठरले की आपला रकाना प्रत्येकाने आपल्या हाताने लिहावा. तो खोडण्याचा अधिकार मोरोपंतांना असावा. साहेबांचा रकाना मोरोपंतांनी लिहावा. आणि वाचावा सगळ्यांनी. इथे साहेबांचे पेन थांबले.

"माझा कार्यक्रम सगळ्यांनी वाचायचा?"

"जीप बहुतेक आपल्याकडेच असते, साहेब," भगवंत म्हणाला. "ते दिसलं नाही तर बाकीचं दिसून—"

"तसं नव्हे. कार्यालयाची काही शिस्त असते. माझ्या रकान्यावर काहीतरी आच्छादन घाला. मोरोपंत उचलून लिहितील."

आच्छादन म्हणजे पडदा. तो भगवंतच्या बायकोने शिवला. जठारपेठेतल्या दोन खोल्यांत रुख्मिणी शिवणयंत्रावर हिरव्या कापडाची पट्टी दुमडत होती आणि हसू दाबत होती.

"साहेबाले पडदा काहून लागते वो? बाई हाये काय थो?"

"गपचाप शिव. सहा फुटी पुठ्ठ्यातला चार बोटांचा रकाना हाये, त्यानं काय बिघडते."

"बाकीचे अठरा उघडे, अन् ज्याच्यापाशी जीप त्याचाच झाकलेला," रुख्मिणी म्हणाली. ती चौथी शिकलेली होती. भगवंत मॅट्रिक होता, म्हणून त्याने पट्टी पुन्हा एकदा मोजून पाहिली.

तक्ता एप्रिलच्या एक तारखेला, रविवारच्या सुट्टीत लागला. सोमवारी लोकांनी तारखेवरून थट्टा केली आणि मग तो वापरू लागले. पंधरा दिवसांत असे झाले की बाळापूरवाल्याने अकोटवाल्याचा गोल पाहून आपली बैठक मंगळवारवर नेली. कार्यालयाच्या इतिहासात अशी गोष्ट झाल्याचे कोणाला आठवत नव्हते. अडचण यायची ती साहेब अचानक जीप घेऊन जात तेव्हा. अचानक म्हणजे पडद्याआड आठ दिवस आधी लिहिलेले.

मेचा नवा कागद तक्त्यावर चढला तेव्हा भगवंतने आपल्या रकान्यात सगळ्यांत आधी एक तारीख लिहिली होती. शनिवार, सव्वीस मे. 'खात्याची परीक्षा, अमरावती. एक दिवस रजा.' रजेच्या अर्जावर मोरोपंतांची सही होती. ही परीक्षा पास झाल्याशिवाय कारकुनाचा हेडक्लार्क होत नसे आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षानंतर तिला बसता येत नसे. भगवंतला ऑगस्टमध्ये पंचेचाळीस पूर्ण होणार होती. पहिल्या वेळी तो चार गुणांनी गेला. दुसऱ्या वेळी पेपराच्या आदल्या दिवशी बाप गेला. ह्या वेळी नियमांचे पुस्तक त्याला पान क्रमांकासकट पाठ होते. मोरोपंत दिवाळीत निवृत्त होणार होते. अमरावतीत राजापेठेतल्या मावसभावाला पत्र गेले होते की शुक्रवारी रात्री झोपायला येतो.

गुरुवारी दुपारी, पंखा गरम हवा फिरवत असताना, मोरोपंत टेबलाशी आले.

"भगवंतराव, परवाची रजा रद्द."

"काहून?"

"उपसंचालक येताहेत तपासणीला. सगळ्यांच्याच रजा रद्द आहेत. तुम्हाला ठाऊकच असेल, महिन्याच्या सुरुवातीपासून लिहिलेलं आहे."

"कुठं लिहिलं हाये?"

"तक्त्यावर."

भगवंतने हातातली फाईल मिटली. "पडद्याआड?"

"तक्त्यावरच की."

"मोरोपंत, तिथं तुमचंच अक्षर हाये. अन् माह्या रजेवरची सहीही तुमचीच हाये."

"रजेचा अर्ज आला. रजा शिल्लक होती. सही केली," मोरोपंत शांतपणे म्हणाले. "पडदा उचलायचा अधिकार मला लिहिण्यापुरता आहे. दोन्हींचा मेळ घालून बघ, असं कुठल्या बैठकीत ठरलं होतं?"

असे कुठल्याच बैठकीत ठरले नव्हते. इतिवृत्त भगवंतनेच लिहिले होते.

तो साहेबांकडे गेला. साहेबांनी त्याला बसायला सांगितले, त्यावरूनच त्याला उत्तर कळले.

"देवमनला सोडतोय मी परीक्षेला," साहेब म्हणाले. देवमन हा त्याच शाखेतला तिशीतला कारकून. भगवंतनेच त्याला फायलीला टाका घालायला शिकवले होते.

"देवमनला अजून दहा वर्षं आहेत, साहेब. माझी ही शेवटची वेळ."

"पण देवमनला तक्ता समजावता येत नाही ना. उपसंचालकांना मी कळवलं आहे, आमच्याकडे एक नवी योजना आहे म्हणून. ते खास ती बघायला येताहेत. तुम्ही नसलात तर तिथे कोण उभं राहणार? तुम्ही असं करा, वयाची अट शिथिल व्हावी असा अर्ज करा. मी शिफारस करीन."

अशा अर्जाला उत्तर यायला आठ महिने लागतात, हे अर्ज नोंदवणाऱ्या कारकुनाला साहेबांपेक्षा जास्त माहीत होते. न सांगता गेले तर सेवापुस्तकात नोंद होते आणि तशी नोंद असलेल्या माणसाला पास होऊनही पद मिळत नाही, हे तर नियमांच्या पुस्तकातच होते. पान एकशे बारा. तो उठला, "बरं साहेब," म्हणाला आणि मावसभावाला पत्र लिहायला बसला.

शनिवारी अकरा वाजता, म्हणजे अमरावतीला पहिला पेपर वाटला जात असेल त्या वेळी, भगवंत धुतलेले धोतर नेसून तक्त्याशेजारी उभा होता. उपसंचालक साडेबाराला आले. सरबत घेतले, उन्हाबद्दल बोलले, सरबत पुन्हा घेतले. मग तक्त्यासमोर आले.

"हे कोणी केलं?"

"आमच्या कार्यालयाने," साहेब म्हणाले.

भगवंतने छडी उचलून सांगायला सुरुवात केली. तो दुसऱ्या रकान्यापर्यंत पोचला असेल, उपसंचालकांनी बोट दाखवले.

"हा पडदा कशासाठी?"

साहेबांनी मोरोपंतांकडे पाहिले. मोरोपंतांनी भगवंतकडे पाहिले. भगवंतच्या हातात छडी होती आणि बाहेर किसनराव जीपचे बोनेट आपटत होता. एक वाक्य खरे बोलायला त्याला कोणाची परवानगी लागणार नव्हती. परीक्षा तर गेलीच होती.

"धूळ बसू नये म्हणून, साहेब," तो म्हणाला.

"अस्सं." उपसंचालकांनी क्षणभर विचार केला. "उत्तम कल्पना आहे. मग एकालाच का? सगळ्यांनाच लावा."

हे त्यांच्या तपासणीच्या शेऱ्यात आले. अकोल्याच्या उन्हाळ्यातील धुळीपासून शासकीय नोंदींचे रक्षण करण्याची ही पद्धत अनुकरणीय असून ती सर्व रकान्यांस लागू करावी. तक्त्यासमोर ते एकूण चार मिनिटे होते. पुढल्या आठवड्यात अठरा पडदे शिवायचे काम रुख्मिणीकडे येणार होते आणि ते झाल्यावर, मोरोपंतांनी लगेच सुचवल्याप्रमाणे, ज्याचा पडदा त्यानेच उचलावा असा नियम होणार होता.

रविवारी सकाळी देवमन जठारपेठेत आला. भगवंत ओसरीवर दाढी करत होता. देवमनने चपला काढल्या, इकडेतिकडे पाहिले आणि खिशातून दोन्ही प्रश्नपत्रिका काढून मांडीवर धरल्या.

"भाऊ, यायला मन होत नव्हतं. पन तुमच्याबिगर कोन सांगन? रातभर झोप नाई."

"आन इकडं."

भगवंतने तोंड पुसले, चष्मा लावला आणि पहिला पेपर हातात घेतला. वरपासून खालपर्यंत एकदा सावकाश वाचला. मग कोनाड्यातली पेन्सिल घेतली.

"पहिल्याचं काय लिहिलंस?"

देवमन सांगू लागला. भगवंत प्रत्येक प्रश्नापुढे बारीक खूण करत गेला. तिसऱ्याला त्याने मान हलवली. "अर्धपगारी रजेचा नियम उलटा लिहिला तू. पन पहिलं वाक्य बरोबर हाये, निम्मे देतीन." पाचव्याला त्याने देवमनला टिपण कसे लिहिले ते विचारले, त्यातला मुद्दा दुसऱ्या क्रमांकावर हवा होता असे सांगितले. दुसरा पेपर झाला. रुख्मिणी आतून चहा ठेवून गेली, तो निवला. शेवटी भगवंतने कडेला बेरीज केली, ती पुन्हा एकदा तपासली आणि कागद परत दिले.

"छप्पन्न इकडं, एकसष्ट तिकडं. पन्नास लागतात. झाले तुम्ही पास."

देवमनचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. तो पाया पडायला वाकला. "भाऊ, तुमी मले अहो-जाहो काहून करून राहिले? मले कसंतरी वाटते."

"मोरोपंत दिवाळीत जातात. आतापासून सवय केली म्हणजे तेव्हा चारचौघांत चुकणार नाही. चहा घ्या."

देवमनने निवलेला चहा उभ्याउभ्याच घेतला. घाईत एक पेपर ओसरीवरच विसरून तो गेला. रुख्मिणी कपबशा उचलायला बाहेर आली. तिने तो कागद पाहिला, उचलला नाही.

"कसा होता पेपर?" तिने विचारले.

भगवंत अर्ध्या राहिलेल्या दाढीला पुन्हा साबण लावत होता.

"सोपा होता," तो म्हणाला.