अकरा वाजून दहा मिनिटं

"ही बघा वेळ, साहेब. अकरा दहा." सुदामने तीन नंबरच्या संगणकावर बोट ठेवलं.

नोकरीची खोटी पत्रं ई-मेलने पाठवून कुणीतरी तालुक्यातल्या पोरापोरींना फसवलं होतं. माग काढत हवालदार शहापूरच्या एसटी स्टँडजवळ सुदामच्या नेट कॅफेत आले होते. पत्र तीन नंबरवर सापडलं. रजिस्टरमध्ये साडेदहा ते साडेअकरा नाव होतं रोशनीचं. तिला वसतिगृहातून बोलावून आणलं होतं. सोबत रेक्टरबाई आणि दारात चार मैत्रिणी.

"दादा, तवा लाईट गेलेली. मी अर्धाच फॉर्म भरून उठले."

"यंत्र खोटं बोलत नाय गो," सुदाम म्हणाला. हवालदारांनी मान डोलावली आणि त्याला बरं वाटलं. तालुक्यात संगणकातलं कळतं ते सुदामला, असं लोक म्हणत.

दिवसभर विचारपूस करून रोशनीला सोडलं. पण रेक्टरबाईंनी तिला वसतिगृहात ठेवलं नाही. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतून कॉलेजात आलेली ती पहिलीच मुलगी.

आठ दिवसांनी सकाळी सुदामने तीन नंबर चालू केला, सवयीने त्यातलं घड्याळ पुढे सरकवलं आणि त्याचा हात थांबला. घड्याळाचा आतला सेल संपत आला होता. वीज गेली की घड्याळ थांबायचं, आली की तिथूनच पुढे चालायचं. चार महिने तो रोज सकाळी वेळ लावत होता. सेल उद्या आणू, उद्या आणू म्हणत होता. त्या दिवशी वीज अकराला गेली होती आणि साडेतीनला आली होती; म्हणजे यंत्रातलं अकरा दहा ते खरं तीन चाळीस. त्याने रजिस्टर उघडलं. तीन चाळीसला तीन नंबरवर भलत्याच माणसाचं नाव होतं.

त्याने चौकीत जाऊन सगळं लिहून दिलं. मग मुरबाडची गाडी पकडली आणि पुढे वाडीपर्यंत चालत गेला.

रोशनीचा बाप कमळू अंगणात बांबू चिरत होता. त्याने लगबगीने घोंगडी अंथरली. सुदामला बसवेना. उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं. घड्याळाचं कमळूला उमगलं नाही.

"म्हंजे पोरीनं केला नाय ना?"

"नाही."

"ते तर आमाला ठावं होतं."

रोशनी दारात आली होती.

"तितं सगल्यांसमोर बोललात, दादा. इतं एकटं येऊन काय उपेग?"

दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या अंगणात चाळीसेक मुली उभ्या होत्या, एका बाजूला पेटी घेऊन आलेली रोशनी. "घड्याळ माझं बिघडलेलं," सुदाम म्हणाला. "मला म्हायती होतं. ही खरं सांगत होती, मी ऐकलं नाय." रेक्टरबाई पुरे म्हणाल्या, तरी मागच्या मुलींना ऐकू जावं म्हणून त्याने पुन्हा सांगितलं.

रोशनीने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. ती एकेका मुलीच्या तोंडाकडे बघत होती. रेक्टरबाईंनी दार उघडलं तसा सुदाम तिची पेटी उचलायला वाकला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, आणि पेटी डोक्यावर घेऊन आत गेली.