दातवाल्या बाईंची कवळी

घराबाहेर दातवाल्या बाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. बावीस वर्षं त्या कवळ्या बनवत होत्या. जिन्याखालच्या दोन खोल्यांत त्यांचं सगळं चालायचं. पुढच्या खोलीत माणसाला बसवायची उंच खुर्ची, एक आरसा आणि हात धुवायचं बेसिन. मागच्या खोलीत प्लॅस्टरचे साचे, मेणाच्या पट्ट्या, पॉलिशचं यंत्र आणि सगळ्यावर बसलेली बारीक पांढरी धूळ. कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर आपले सगळे म्हातारे पेशंट त्यांच्याकडेच पाठवायचे.

बाईंचा एक रिवाज होता. कवळी नीट बसली नाही, तर त्या घासूनपुसून वेळ मारून न्यायच्या नाहीत. समोरच्याच्या देखत हातोडी घेऊन ती फोडायच्या आणि पुन्हा मापापासून सुरुवात करायच्या. लोकांना ते पाहूनच निम्मं बरं वाटायचं. सख्ख्या नवऱ्याचा ब्रश बायको तोंडात घालत नाही, पण बाईंनी हातावर ठेवलेली वस्तू लोक न बघता तोंडात सारायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा दीर कामाला आला. चार धंदे करून चारही बुडवून झाले होते, पण जीभ मात्र शाबूत होती. नवरा म्हणाला, "घरचाच आहे, पोचवण्या-आणण्याचं काम करेल." दिराने पहिल्याच महिन्यात पुठ्ठ्याचे निळे डबे छापून आणले. झाकणावर ठसठशीत अक्षरं: 'दातवाल्या बाईंची कवळी'.

"कशाला रे एवढा थाट?" बाई म्हणाल्या.

"वहिनी, तुम्हाला तुमची किंमतच कळलेली नाही," दीर म्हणाला.

बाईंनी वरवर नाक मुरडलं, पण एक डबा आरशाशेजारी मांडून ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्याला तो दिसावा असंच त्यांना वाटत होतं, हे नंतर त्यांनी स्वतःशी कबूल केलं.

एका सकाळी तिकीटवाल्या आजी आल्या. नाटकाच्या थिएटरात तीस वर्षं तिकीटखिडकीत बसलेल्या. अर्ध्या शहराचे सुटे पैसे त्यांच्या हातातून गेलेले. खुर्चीत बसल्या आणि ओशाळून म्हणाल्या, "बाई, रागावू नका हं, पण तुमची कवळी टोचते हो. डाव्या बाजूला फोड आलेत."

"माझी कवळी? मी तुमचं माप कधी घेतलं?"

"तुम्ही नाही, तुमच्या दिरांनी. घरी आले होते. तुमच्याकडे फार गर्दी असते म्हणाले. एरवी मी कुणाला हात लावू दिला नसता. पण तुमचं नाव ऐकलं आणि तोंड उघडलं."

आजींनी आताही तोंड उघडलं, आणि बाईंचा हात हवेतच थांबला.

वरच्या कवळीतला डावा सुळा जरा आत वळलेला होता, शेजारच्या दातावर चढल्यासारखा. तो तसा बाईंनीच बसवला होता. चार वर्षांपूर्वी, बँडमास्तरांसाठी. लग्नाच्या वरातींपासून सरकारी समारंभांपर्यंत सगळीकडे तुतारी वाजवलेला माणूस. "माझा सुळा जन्माचा वाकडा आहे," ते म्हणाले होते, "सरळ केलात तर आरशात मीच मला ओळखायचो नाही." तुतारीला ओठ नीट लागावेत म्हणून बाईंनी ती कवळी तीनदा फोडून चौथ्यांदा केली होती. पुढे मास्तर वृद्धाश्रमात गेले आणि गेल्या थंडीत वारले. बाईंना बातमी कळली तेव्हा त्यांनी दिवसभर यंत्र बंद ठेवलं होतं.

आणि आता तो सुळा आजींच्या तोंडातून त्यांच्याकडे बघत होता.

"काढा ती," बाई म्हणाल्या. आवाज जरा चढाच लागला.

मागच्या खोलीत नेऊन त्यांनी कवळी दिव्याखाली धरली. आतून मऊ गुलाबी थर चोपडलेला होता, दुसऱ्या जबड्यात बसवण्यासाठी. बाईंनी नखाने त्याची कड उचलली. थर सालीसारखा निघून आला. खाली मास्तरांच्या तंबाखूचा पिवळा डाग तसाच होता आणि फटीत काहीतरी काळपट, चिकट साचलेलं. वास आला. बाईंनी ती कागदात गुंडाळली.

बाहेर येऊन त्या आजींना म्हणाल्या, "ही माझ्याकडे राहू दे. जरा दोष राहिलाय. मी तुम्हाला नवी करून देते. परवा या."

"म्हणून तर मी म्हणते," आजी बोळक्या तोंडाने हसल्या. "दुसरा कुणी असता तर हात वर केले असते. देव तुमचं भलं करो." आणि बाईंच्या गालावरून हात फिरवून गेल्या. त्यांची पाठ वळताच बाईंनी गाल पदराने घासून पुसला. किळस आजींची नव्हती.

दुपारी दीर आला तेव्हा बाई त्याच्या टेबलापाशीच उभ्या होत्या. टेबलाखाली रंगाचा जुना डबा होता आणि त्यात ब्लीचच्या पाण्यात नऊ कवळ्या बुडवून ठेवलेल्या. गुलाबी हिरड्या, पिवळे दात. एकमेकींना चावत असल्यासारख्या पडलेल्या.

"कुठून आणल्यास?"

दिराने आधी डब्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे, आणि खांदे उडवले. "वृद्धाश्रमातून. माणूस जातो, कवळी राहते. नातेवाईक घड्याळ नेतात, चष्मा नेतात, ही कुणी नेत नाही. तिथली नोकर बाई फेकूनच देते. मी तिला चहापाण्याचं बघतो."

"किती जणांना दिल्यास?"

"चौदा असतील. गरीब माणसं हो, वहिनी. नवी परवडत नाही त्यांना. अर्ध्या किमतीत मिळाली, खूश आहेत सगळे."

"मेलेल्या माणसाच्या तोंडातली!"

"हॉटेलातला चमचा किती जणांच्या तोंडातून आलेला असतो, विचारता का कधी? आणि मी काय तशीच देतो? चांगल्या उकळून घेतो."

"उकळली की कवळी वेडीवाकडी होते," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं इथे काम करतोस, तेवढंही तुला ठाऊक नाही. एकही उकळलेली नाहीस तू."

दीर हसला. चोरी पकडली गेल्यावर लहान मूल हसतं, तसं. बाईंनी बेसिन गाठलं आणि सकाळी खाल्लेलं सगळं ओकून टाकलं. मग साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा धुतले.

नवऱ्याला त्यांनी संध्याकाळी सगळं सांगितलं. तो जेवत होता. ऐकताना घास थांबला, पण क्षणभरच.

"त्या चौदा जणांना माहीत आहे का?"

"नाही."

"मग झालं तर. मी त्याला चांगला झापतो. तू हळूहळू एकेकाला बोलाव, म्हणावं जुनीत दोष होता, आणि नवी देऊन टाक. कशाला बोभाटा?"

"आणि कुणाला काही रोग जडला असला तर?"

"आजवर जडलाय का?" नवऱ्याने दाढेत अडकलेलं काहीतरी बोटाने काढलं, न्याहाळलं आणि ताटाच्या कडेला पुसलं. "अगं, मी तुझ्याच नावाची काळजी करतोय. बावीस वर्षं घातलीस त्यात. एका दिवसात मातीत घालणार आहेस का?"

बाईंना त्या बोटाकडे बघवेना. या माणसाशेजारी आपण इतकी वर्षं जेवायला बसतो, असं त्यांच्या मनात आलं. पण त्यांनी मान डोलावली. खोटं कशाला सांगायचं, बाईंना नवऱ्याचं म्हणणं पटलं. दोन दिवस त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. दीर शीळ घालत कामावर येत राहिला आणि बाई आजींच्या कवळीचं मेण कापत बसल्या. दिराने आजींच्या घरी घेतलेल्या मापावरच काम चालवून घेतलं. तेवढं माप पुरेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. असं त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आजी आल्या, पण एकट्या नाही. बरोबर त्यांची धाकटी बहीण होती, सत्तरीची, बुजऱ्या चेहऱ्याची.

"हिचंही माप घ्या," आजी म्हणाल्या. "भितेय नुसती. मी म्हटलं, बाईंकडे डोळे मिटून जायचं."

बहीण खुर्चीत बसली आणि तिने खरोखरच डोळे मिटून तोंड उघडलं.

बाई त्या उघड्या तोंडासमोर उभ्या राहिल्या. दोन दात उरले होते, हिरड्या ओल्या, लालसर. एखाद्या पाखराच्या पिलासारखं ते तोंड वाट बघत होतं. बाईंनी हातातला माप घ्यायचा चमचा खाली ठेवला.

"तोंड मिटा, बाई. मला आधी काहीतरी सांगायचंय."

आणि त्यांनी सांगितलं. वृद्धाश्रम, रंगाचा डबा, चौदा माणसं. काही राखून ठेवलं नाही.

आजी ओरडल्या नाहीत. त्या उठून बेसिनपाशी गेल्या, नळ सोडला आणि चुळा भरू लागल्या. एक, दोन, दहा. मग बोटाच्या नखाने जीभ खरवडू लागल्या. बहीण त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

"कुणाची होती?" शेवटी आजींनी विचारलं.

"बँडमास्तरांची."

आजींनी पुन्हा ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं. "तीन आठवडे मी..." मग त्या वळल्या. "परवा मी इथून गेले, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"आणि मी तुमच्या तोंडावरून हात फिरवून गेले."

त्या बहिणीला घेऊन निघून गेल्या. बाईंनी पुढे केलेल्या नव्या कवळीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

त्याच दुपारी बाईंनी दिराकडून उरलेल्या तेरा जणांचे पत्ते घेतले. तो देईना, तेव्हा त्यांनी आरोग्य खात्याला लिहिलेला अर्ज त्याच्या नाकासमोर धरला. मग त्याचं टेबल रस्त्यावर काढलं, निळे डबे पायाखाली तुडवून चेपटे केले आणि चपला घालून निघाल्या.

दारोदार जाऊन एकच गोष्ट तेरा वेळा सांगायची, यासारखी घाण शिक्षा नाही. एका शिंप्याने तोंडातली थुंकीने भरलेली कवळी तिथेच बाईंच्या अंगावर फेकली. एका घरात सुनेने दार लावून घेतलं आणि आत तिच्या सासूच्या ओकाऱ्यांचा आवाज बाईंना ऐकू येत राहिला. एक पहारेकरी मात्र सगळं ऐकून म्हणाला, "कुणाची का असेना, मला झकास बसलीय. मी देत नाही जा." बाईंनी परोपरीने समजावलं. तो हसत राहिला, त्या दातांनी. त्या हसण्याने बाईंना जितकी शिसारी आली, तितकी शिंप्याच्या थुंकीनेही आली नव्हती.

त्यांच्या आधी बातमी पोचायला वेळ लागला नाही. दीर तर चौकात उभा राहून सांगत सुटला, "मी हुकमाचा ताबेदार. वहिनी सांगायच्या, मी आणायचो." आठवडा संपायच्या आत बाई स्वतः मयताच्या घरी जाऊन पक्कड घालतात, इथपर्यंत मजल गेली. दुकानात त्या शिरल्या की बायका ओठ आवळून घ्यायच्या. खात्याचे दोन साहेब येऊन रंगाचा डबा पिशवीत घालून घेऊन गेले. जाताना एकाने विचारलं, "नाव तुमचंच छापलेलं होतं ना डब्यावर?" बाई म्हणाल्या, "माझंच. मीच छापू दिलं."

डॉक्टरांनी त्यांना बोलावून खुर्ची दिली, पण नेहमीसारखा चहा मागवला नाही. "बाई, तुमच्या हातावर माझा आजही विश्वास आहे," ते टेबलावरचे कागद सरळ करत म्हणाले. "पण पेशंट विचारतात. मी त्यांना काय सांगू?"

"मी सांगितलं तेच सांगा."

"तेच तर सांगता येत नाही ना."

बावीस वर्षांत डॉक्टरांनी एकदाही त्यांचं काम तपासून बघितलं नव्हतं. आता काम यायचंच बंद झालं. पैशाच्या कामासाठी पॉलिशचं यंत्र पाच महिने फिरलं नाही. चौदांपैकी आठ जण नवी कवळी फुकट करून घ्यायला आले. आजी आल्या नाहीत. बाई दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आल्या. दुसऱ्या खेपेला बहिणीने दार किलकिलं करून सांगितलं, "ती आता तशीच राहते, पातळ करून जेवते. तोंडात काही घालायचं म्हटलं की तिला उमासे येतात."

नवरा एकदा म्हणाला, "गप्प बसली असतीस तर आज हे दिवस आले नसते."

"बसले होते की दोन दिवस," बाई म्हणाल्या. "तेच निघत नाहीत अंगावरून."

दिराशी त्या पुन्हा बोलल्या नाहीत. नवऱ्याशी बोलायच्या, पण ताट वेगळ्या वेळी घ्यायच्या.

सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी एक पेशंट पाठवला. दूरच्या वस्तीतला गवंडी होता. घाईत होता, दुसरीकडे महिनाभर थांबावं लागणार होतं. बाईंनी स्वतः माप घेतलं. दातांचं सीलबंद पाकीट त्याच्यासमोर फोडलं, मेण त्याच्यासमोर वितळवलं. साचा बंद करताना त्याला आत बोलावून दाखवलं. तो मान हलवत बघत होता, पण प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा, "नवीच आहे ना?" आणि प्रत्येक वेळी बाई म्हणायच्या, "नवीच आहे."

कवळी तयार झाली. बाईंनी ती धुतली, पुसली आणि त्याच्या हातावर ठेवली. गवंड्याने ती उजेडाकडे धरली, उलटी केली, चुन्याने भेगाळलेल्या बोटाने आतून चाचपली. मग नाकाशी नेली आणि कुत्र्यासारखा तिचा वास घेतला. एकदा घेतला, बाईंकडे पाहिलं आणि पुन्हा घेतला.

बाईंचा चेहरा तापला. हातोडी घेऊन ती कवळी तिथल्या तिथे फोडावी, असं त्यांना वाटलं. पण त्या खुर्चीचा दांडा घट्ट धरून उभ्या राहिल्या.

"घ्या," त्या म्हणाल्या. "हवा तेवढा वेळ वास घ्या."