सहा जणांचा विषाणू

लेकीचं डोकं फिरलंय, हे मी तिला तोंडावर सांगितलं. विषाणूंवर संशोधन करते, इथवर ठीक. पण सोमवारी परीक्षकांना दाखवायला तिला व्हिडिओ हवा होता, आणि त्यात विषाणू आम्ही व्हायचं होतं! विषाणूच्या खऱ्या कवचाला म्हणे साठ तुकडे लागतात. आम्ही सहाच: मी, माझा नवरा, दीर, जाऊ, नणंद आणि नणंदेचा नवरा. हातात हात घट्ट धरून दिवाणखान्यात गोल उभे. मधोमध मामंजी, कमरेला लोकरीच्या गुंड्याचं टोक बांधून. ते म्हणजे विषाणूच्या पोटातली जनुकं. वय वर्षं एकोणऐंशी, आणि म्हणे जनुकं!

खरं तर मला धास्तीच वाटत होती. महिनाभर घरात एकच विषय पेटला होता. मामंजींना समोरच्या शिंपीणबाईंकडे राहायला जायचं होतं. कायमचं. आम्ही सगळ्यांनी साफ नाही म्हटलं. या वयात? लोक तोंडात शेण घालतील. नवऱ्याने तर त्यांची बॅग माळ्यावर टाकली आणि शिडी शेजाऱ्यांना देऊन टाकली.

“ऐका,” लेक म्हणाली. “तुम्ही पेशीत शिरलाय, पण एका पिशवीत अडकलाय. पिशवी आंबट होत जाते. आंबट लागलं की कवच आकार बदलतं, एका जागी फट पडते, जनुकं बाहेर. कळलं?”

“आणि कवचाचं पुढे काय?” दिराने विचारलं.

“काही नाही. त्याचं काम संपलं.”

“मग चहा कधी?”

तिने एकेकाच्या तोंडात लिंबू पिळलं. तोंडं वेडीवाकडी झाली, खांदे वळले, पण हात काही कुणी सोडेना. तिने पुन्हा पिळलं. जावेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मामंजी जिथे फट दिसेल तिथे जायचे आणि आम्ही सरकून ती बुजवायचो.

“अगं आई, विषाणू असं वागले असते तर जगात कुणाला सर्दीसुद्धा झाली नसती!” लेक ओरडली. “सोडा ना त्यांना!”

“सोडलं तर ते जातील,” माझा नवरा म्हणाला.

कुणीच हसलं नाही. मामंजी माझ्यासमोर येऊन थांबले.

“सूनबाई, पाय दुखतात गं.”

एवढंच म्हणाले. मला त्यांचा राग आला, नवऱ्याचा आला, स्वतःची तर लाजच वाटली, आणि मेलं ते लिंबू घशात जळत होतं. मी जावेचा हात सोडला.

मामंजी निघाले. लोकर उलगडत जिना उतरले, रस्ता ओलांडला. लेक टाळ्या वाजवत होती, “अस्संच! अगदी अस्संच!” नवरा हात तसेच पसरून लहान पोरासारखा रडायला लागला.

मी गोळ्यांची डबी उचलली आणि लोकरीच्या मागोमाग गेले. शिंपीणबाई दारातच होत्या.

“पांढरी सकाळी, गुलाबी दुपारी जेवल्यावर,” मी एका दमात सांगितलं. “गुलाबी मी रोज हातावर ठेवते, पण घेताना कधी दिसले नाहीत. लक्ष ठेवा.”

“घेतात हो,” त्या हळूच म्हणाल्या. “रोज दुपारी इथे येऊन घेतात. चार वर्षं झाली.”