क्लबातली श्यामला

शशिधर कारखानीस गेला तेव्हा त्याच्या दोन रायफली घरातल्या लोखंडी कपाटात होत्या, आणि त्यांचं पुढे काय करायचं हे श्यामलाला त्याने कधी सांगून ठेवलं नव्हतं. २००७ सालचा फेब्रुवारी होता. नॉटिंगहॅमच्या घरात सकाळी दाढी करता करता तो बाथरूममध्ये कोसळला आणि अँब्युलन्स यायच्या आत सगळं संपलं. अंत्यसंस्कार झाले, हॅरोहून आलेली मुलगी परत गेली, आणि मग पोलिसांच्या परवाना विभागाचा एक मवाळ बोलणारा माणूस दारात उभा राहिला.

"मिसेस कारखानीस, तुमच्या नावावर परवाना नाही, त्यामुळे या घरात ठेवता येणार नाहीत," तो म्हणाला. "सध्या आमच्याकडे राहू देत. विकायच्या असल्या तर परवानेवाल्या माणसाला विका. नको असतील तर आम्ही नष्ट करू. सावकाश ठरवा."

त्याने कपाट उघडलं तेव्हा श्यामलाने त्या रायफली पहिल्यांदा नीट पाहिल्या. जुन्या अमेरिकन रायफलींच्या नव्याने काढलेल्या आवृत्त्या होत्या त्या, एक इटलीत बनलेली, एक जपानात. पितळी अंगाच्या, अक्रोडाच्या दस्त्याच्या, ट्रिगरखालची कडी पुढे ढकलून मागे ओढली की पुढची गोळी आत बसते अशा जातीच्या. पोलिसाने त्या तान्ह्या मुलासारख्या दुलईत गुंडाळून नेल्या.

शशिधर एका सायकल कारखान्याच्या टूलरूममध्ये होता. हात सोन्याचे, तोंडाला मात्र कुलूप. "वरण उरलंय का?" आणि "बॉयलरवाला येणार आहे," एवढ्यावर त्याचा संसार चालायचा. शनिवारी तो गॅरेजमध्ये शिसं वितळवायचा. टायरच्या दुकानातून आणलेली चाकांची शिशाची वजनं, त्यात थोडं कथील, वर मेणाचा तुकडा. मग साच्यात एकेक गोळी ओतायची, थंड झाली की मोजायची, कड चिरलेली असली की परत भांड्यात. त्या दिवशी धुरामुळे श्यामला कपडे बाहेर वाळत घालायची नाही. आणि रविवारी सकाळी तो तिने भरून दिलेला डबा घेऊन नेमबाजीच्या क्लबला जायचा, तो तीन वाजता परत. सोळा वर्षं हा नेम.

सुरुवातीला तिने दोनदा विचारलं होतं, "मी येऊ का एकदा?"

"बायका नसतात तिथे," तो म्हणाला होता. तिने तिसऱ्यांदा विचारलं नाही.

एप्रिलमध्ये टेरी नावाच्या माणसाचा फोन आला. क्लबचा सेक्रेटरी. शशिधर गेल्याचं त्यांना पोलिसांकडून कळलं, तेही उशिरा. त्याच्या आठवणीत येत्या रविवारी ते सगळे त्याच्याच गोळ्या वापरून नेमबाजी करणार होते, गॅरेजमध्ये काही डबे शिल्लक असतील तर हवे होते. जमल्यास इटालियन रायफलही विकत घ्यायची होती.

"तुमच्याकडे बघायला कुणी आहे ना?" त्याने जपून विचारलं.

विधवेला सगळेच हे विचारतात. "मुलगी येऊन जाते," श्यामला म्हणाली.

"मग मी घरी येऊन डबे नेतो."

"नको. मीच घेऊन येते. मला जागा बघायची आहे."

"तुम्ही स्वतः?" टेरीने दोनदा विचारलं. मग म्हणाला, "तुम्हाला झेपेल तसं."

क्लब शहराच्या उत्तरेला, एका जुन्या दगडखाणीत होता. श्यामला स्वतः गाडी चालवत गेली. डिकीतून बिस्किटांचा एक डबा काढला. आत ओतीव गोळ्या, वजन तांदळाच्या पिशवीएवढं. तो कमरेवर टेकवून ती लाकडी खोलीकडे चालू लागली. बाहेरच्या बाकावर तिच्याच वयाची एक बाई बसली होती, कानावर आवाज अडवणारे मफ्स, मांडीवर तसलीच पितळी अंगाची रायफल. श्यामला क्षणभर तिथेच थबकली.

पांढऱ्या दाढीचा एक माणूस लगबगीने पुढे आला. "मी टेरी. द्या तो इकडे. तुम्ही शशीच्या बहीण का?"

"मी श्यामला. त्यांची बायको."

टेरीने आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे, मग तिच्या मागे उभ्या असलेल्या गाडीकडे. बाकावरची बाई रायफल बाजूला ठेवून उठली. तिचं नाव जीन. तिने भरल्या डोळ्यांनी श्यामलाचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही चालताय," ती म्हणाली. "कधीपासून?"

श्यामलाला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक होते आहे. त्यांनी तिला आत नेलं, सर्वांत मऊ खुर्ची दिली, पाठीला उशी दिली. पाच-सहा जण भोवती जमले. मग एकेक कळत गेलं. इथल्या सगळ्यांच्या लेखी शशीची बायको मणक्याच्या आजाराने अंथरुणाला खिळलेली आहे. शशी तिचं सगळं करतो. सकाळी अंघोळ घालतो, हाताने भरवतो, म्हणून त्याला क्लबच्या साफसफाईच्या पाळ्या नव्हत्या. म्हणून तो अडीचच्या ठोक्याला निघायचा.

"पण काय हसवायचा," एक जण म्हणाला. "एवढं घरचं असून. चहाच्या वेळी गोष्टी सुरू झाल्या की लोक गोळी भरायचे विसरायचे."

"गोष्टी?" श्यामलाने विचारलं.

"त्याच्या आईच्या. नागपूरच्या उन्हाच्या. तुमच्या लग्नात घोडा उधळला होता ती."

घोडा उधळला होता हे खरं होतं. त्या दिवसानंतर शशिधरने त्याबद्दल तिच्याशी एक शब्द काढला नव्हता.

"आणि दर ख्रिसमसला आमची फुलं मिळायची ना?" जीनने विचारलं. "तुम्हाला पलंगावरून दिसतील अशी ठेवतो म्हणायचा."

फुलं मिळायची. दर डिसेंबरात पांढऱ्या लिलीचा गुच्छ, काही न बोलता टेबलावर ठेवलेला. सबंध संसारात नवऱ्याने आपणहून आणलेली तेवढी एक वस्तू. श्यामला ती पाणी बदलत जानेवारीपर्यंत जगवायची. मैत्रिणींना फोनवर सांगायची, बोलत नाहीत, पण फुलं आणतात. तिने मान हलवली. या क्षणी गप्प राहून, हो, आता जरा बरं आहे, असं म्हणून उठता आलं असतं. तिच्या मनात ते येऊनही गेलं.

"आणि त्याच्या हातचे ते बेसनाचे लाडू," जीन पुढे म्हणाली. "रेसिपी मागून थकले मी. म्हणायचा, बायकोला भरवायला शिकलो."

"लाडू मी करायचे," श्यामला म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं नाही बहुतेक. तिने पाठीमागची उशी काढून टेबलावर ठेवली आणि उभी राहिली.

"लाडू मी करायचे. डबा मी भरायचे. मी कधीच आजारी नव्हते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी एकोणतीस वर्षं उभ्याने काम केलं, गेल्या वर्षी रिटायर झाले. त्यांनी मला सांगितलं होतं की इथे बायका येत नाहीत."

बाहेर रेंजवर कुणीतरी एकापाठोपाठ एक गोळ्या झाडत होतं. जीन खिडकीकडे वळली. ज्याने घोड्याची गोष्ट काढली होती तो उठून बाहेर गेला.

टेरी तिला गाडीपर्यंत सोडायला आला. "पहिल्या वर्षी कुणीतरी विचारलं, बायकोला का आणत नाहीस," तो म्हणाला. "तो म्हणाला, तिला बरं नाही. पुढच्या रविवारी आम्ही विचारलं, आता कशी आहे. मला वाटतं, असंच वाढत गेलं असेल. आम्हीच विचारत राहिलो."

"तुमचा दोष नाही."

"नाही," तो म्हणाला. मग त्याचा आवाज कडवट झाला. "पण आज सांगायला नको होतं. आजचा दिवस त्याचा होता. सोळा वर्षं तो माझा मित्र होता, आणि आता मला माहीत नाही मी कुणाशी बोलत होतो."

"तुमच्याशी निदान ते बोलत तरी होते," श्यामला म्हणाली आणि गाडी सुरू केली.

त्या आठवड्यात ती परवाना विभागात गेली. तोच मवाळ माणूस होता.

"दोन्ही नष्ट करायच्या? नव्यासारख्या ठेवल्यात त्यांनी. क्लबच्या सेक्रेटरींनी इटालियन रायफलीची परत चौकशी केली आहे. चांगली किंमत देतील."

"मला माहीत आहे. तोडा."

तिने सही केली. परत येताना काहीतरी हलकं वाटेल अशी तिची समजूत होती. वाटलं नाही. गॅरेजमध्ये शशिधरने ओतून ठेवलेल्या शिशाच्या विटा तशाच होत्या, त्या भंगारवाल्याने दुसऱ्या दिवशी नेल्या. फरशीवर वितळलेल्या थेंबांचे डाग राहिले, ते घासूनही निघेनात.

संध्याकाळी मुलीचा, अक्षयाचा फोन आला. अक्षया नॉटिंगहॅममध्येच जन्मलेली, तिचं मराठी असं की रायफलही तिला पुरुष वाटायची.

"आई, टेरीने मला कॉल केला. तू तो रायफल तोडायला दिला? दॅट्स सो मीन. बाबाचा फ्रेंड आहे तो."

"हो. दुष्टपणाच आहे."

"मग का केला?"

"त्या क्लबात राहिल्या असत्या तर दर रविवारी कुणीतरी त्यांच्यावरून तुझ्या बाबांची आठवण काढली असती," श्यामला म्हणाली. "आणि त्या आठवणीत मी पलंगावर पडलेली असते." मग तिने क्लबात काय झालं ते सगळं सांगितलं. फुलांचंही सांगितलं.

अक्षया हळू आवाजात म्हणाली, "आई, तुला गर्दी खरंच आवडत नाही ना?"

"म्हणजे?"

"आरवच्या बर्थडेला. दर वर्षी मी बोलावते. बाबा म्हणायचा, आईला गर्दी नको वाटते, तू फोर्स नको करू. म्हणून मी तुला कधी डायरेक्ट विचारला नाही."

नातवाच्या वाढदिवसाला आपल्याला बोलावत नाहीत, ही गोष्ट श्यामलाने चार वर्षं गिळली होती. शशिधर म्हणायचा, त्यांच्या मित्रांची पार्टी असते, आपण कशाला. तिने कधी लेकीला जाब विचारला नव्हता, आणि मनात मात्र धरून ठेवलं होतं.

"आई? आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली. पण ती मनात माणसं मोजत होती. महाराष्ट्र मंडळातली स्वाती, जी दोन वर्षांपूर्वी अचानक यायची बंद झाली. नागपूरचा दीर. शेजारचे. त्या प्रत्येकाला आता एकेक करून विचारावं लागणार होतं, माझ्याबद्दल तुम्हाला काय सांगितलंय त्यांनी. आणि ज्याला विचारायला हवं होतं तो आता उत्तर देणार नव्हता. जिवंत असतानाही दिलं नसतं.