कांचनाची साल

आईला जाऊन महिनाही झाला नव्हता. लेकीने शिवणाचं मशीन तेवढं झाकून ठेवलं होतं. बाकी कशाला हात लावायला तिचं मन धजत नव्हतं. दारातला कांचन मात्र कुणाचंही सुतक न पाळता फुलला होता. अंगावर पान नाही आणि फांद्या जांभळ्या फुलांनी लगडलेल्या. येणारे-जाणारे थांबून बघत. तिला ते बघवत नव्हतं.

दुपारी कोपऱ्यावरची बेकरीवाली मावशी आली. हाक न मारता थेट आत शिरायची तिची जुनी सवय. आधी तिने आईसाठी डोळे पुसले, मग लेक किती वाळली म्हणून तिलाच रागे भरली आणि गरम पाव पुढे ठेवून, खाल्ल्याशिवाय हलणार नाही म्हणून बसून राहिली. दोन घास पोटात गेल्यावर हळूच मुद्द्यावर आली. मानेला गाठ आली होती. दुखत नव्हती, पण वाढत होती. जरा साल काढून दे, म्हणाली.

यात नवल काही नव्हतं. आई शिंपीण, पण गल्लीत तिचं नाव झालं होतं ते या सालीमुळे. गाठ असो, सूज असो, लोक आधी आईच्या दारात येत. कापड बेतावं तशी ती साल बेताने काढायची आणि काढा कसा उकळायचा ते बजावून सांगायची. तिच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणत.

लेक सुरी घेऊन झाडापाशी गेली. भिंतीकडची बाजू रस्त्यावरून दिसत नसे. तिथे बुंधा हातभर सोललेला होता. ती साल कुणासाठी निघाली, हे फक्त तिला ठाऊक होतं. वर्षभर आई स्वतःसाठी उंच कॉलरचे ब्लाउज शिवत होती आणि ही चेष्टेने विचारायची, म्हातारपणी कसली गं ही फॅशन? आईही हसायची. दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. गल्लीला लेकीने तापाचं निमित्त सांगितलं. आईपाशी होतं काय, तर एवढं एक नाव. ते कशाला घालवायचं?

"चांगली जाड काढ गं," मावशी मागून म्हणाली. "तुझ्या आईचा हात लागला असता तर गाठ आठवड्यात बसली असती."

लेकीने सुरी खाली केली. "मावशी, आईला ताप नव्हता. गाठ होती. मानेलाच. वर्षभर हाच काढा पीत होती ती."

मावशी लालबुंद झाली. साल द्यायची नसेल तर तसं सांग, म्हणाली, गेलेल्या माणसाला नावं ठेवू नकोस. तणतणत वळली, आणि वळताना तिची नजर भिंतीकडच्या बुंध्यावर गेली. जवळ जाऊन तिने त्या सोललेल्या जागेवर हात ठेवला.

"फार हाल झाले का गं तिचे?"

आजवर विचारणाऱ्या प्रत्येकाला लेकीने सांगितलं होतं, शांतपणे गेली.

"हो," ती म्हणाली. "फार."

मावशीने पदर मानेभोवती ओढून घेतला. "मी एकटी नाही जायची हं दवाखान्यात," ती पुटपुटली. "मला सुईचीसुद्धा भीती वाटते."

लेक चपला घालायला आत गेली.