ताईच्या बोअरचं पाणी

लहानपणापासून त्याचा पाय एका जागी ठरत नसे, म्हणून घरच्यांनी त्याला भिंगऱ्या म्हणायला सुरुवात केली आणि चाळिशी उलटली तरी ते नाव काही सुटलं नाही. टँकर चालवायचं काम अशा माणसाला मानवणारंच. तेलाच्या विहिरींतून तेलाबरोबर खारं, उग्र वासाचं पाणी वर येतं. ते टँकरमध्ये भरायचं, वस्तीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका जुन्या, तेल संपलेल्या विहिरीपाशी न्यायचं आणि पंपाने जमिनीच्या पोटात खोल ढकलून द्यायचं. दिवसभर तेच. भरा, न्या, ढकला.

पण त्या वर्षी त्याची चुळबूळ काही निराळीच होती. जेवताना अर्ध्यावरून उठायचा, बाहेर जाऊन उगाच गाडीची चाकं तपासून यायचा. बायको म्हणायची, "अंगात मुंग्या शिरल्यात का तुमच्या?" तो हसण्यावारी न्यायचा.

मुंग्या शिरल्या होत्या त्या पंपावरच्या काट्यामुळे. एवढ्या खोल पाणी ढकलायचं तर जोर लागतो, तेव्हा दाबाचा काटा उजवीकडे थरथरत उभा असायचा. एके दिवशी तो डावीकडे, पार शून्यापाशी येऊन पडला. पाणी उतारावरून सुटावं तसं सुळकन जायला लागलं. रांगेत ताटकळणारे ड्रायव्हर खूश झाले. भिंगऱ्या मात्र त्या काट्याकडे बघत राहिला. विहिरीतला लोखंडी पाइप वरच कुठेतरी गंजून फुटलाय, हे कळायला फार डोकं लागत नव्हतं. आणि वरच्या थरातच तर सगळ्या वस्तीच्या बोअरचं गोडं पाणी होतं.

त्याने सुपरवायझरला विचारलं, "साहेब, काटा बघितलात का?"

"बघितला."

"मग?"

"मग काय? पाणी जातंय ना? गाडी तुझी लवकर रिकामी होतेय, आणि पोटात तुझ्याच का दुखतंय?"

भिंगऱ्याने मिठाची गुळणी धरली ती धरलीच. पण त्याची थोरली बहीण त्या वस्तीतच राहायची. घरामागे तिची लाँड्री होती, दोन मोठी मशीन आणि इस्त्रीचं टेबल. भावोजी गेल्यापासून तीच ती चालवत होती. तिच्याकडे तो पिण्याच्या पाण्याचे कॅन नेऊन द्यायला लागला. "कंपनीत उरतात गं, टाकून द्यायचे तर तुला आणले."

"बाई बाई!" ताई म्हणायची. "भावाला बहीण आठवली. आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?"

ती हसली की त्याला जास्तच कसंतरी व्हायचं. तो चहा न घेताच निघायचा.

मग ताईच्या साबणाला फेस येईना. तिने साबण बदलला, दुकानदाराशी कडाकडा भांडली, पुन्हा साबण बदलला. धुतलेले शर्ट वाळले की काठांवर पांढरी रेघ उमटायची. दवाखान्याच्या चादरी पत्र्यासारख्या ताठ व्हायला लागल्या, आणि एका सकाळी त्या चादरींचा गठ्ठा दवाखान्याने परत पाठवला.

त्या दुपारी भिंगऱ्या खांद्यावर कॅन घेऊन मागच्या दाराने आला, तेव्हा ताई नळाखाली ओंजळ धरून उभी होती. तिने एक घोट घेतला आणि थुंकून टाकला.

"खारट आहे," ती म्हणाली. "मी आजवर फक्त कपडेच धुतले ह्याने. प्यायला तुझं पाणी होतं, म्हणून चव बघायची वेळच आली नाही. हे कॅन तू कधीपासून आणतोयस रे?"

त्याने खांद्यावरचा कॅन नुसताच सावरला.

"साबणाला फेस यायचा, तेव्हापासून. म्हणजे तुला आधीच ठाऊक होतं."

"ताई, निदान तुझ्या पोटात तरी ते जाऊ नये म्हणून..."

"आणि शेजारच्या पोरीचं काय? याच पाण्यात ती बाळाचं पावडरचं दूध कालवत होती. उलट्या थांबेनात, दवाखान्यात ठेवलंय त्याला. तिला काय सांगू मी? तुला कॅन आणून देणारा भाऊ नाही म्हणून?"

तिने त्याच्या खांद्यावरचा कॅन ओढून घेतला आणि शेजारी निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "तोंड दाखवू नकोस मला."

दुसऱ्या दिवशी त्याने नेहमीसारखा टँकर भरला. विहिरीपाशी आला, आणि होज पाइप जोडायच्या ऐवजी गाडी फाटकात आडवी घातली. किल्ली खिशात टाकली. खाली उतरून टँकरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालायला लागला. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ.

"वेड लागलंय का तुला?" सुपरवायझर धावत आला. "गाडी काढ!"

"वस्तीच्या पाण्यात हे उतरतंय, साहेब."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. हवं तर ह्या सगळ्यांना आत नेऊन काटा दाखवा."

सुपरवायझर पंपाच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला, दोन्ही हात चौकटीला लावून. मागचे ड्रायव्हर शिव्या हासडत खाली उतरले होते. "पुढारी व्हायचंय काय रे? आमच्या खेपा बुडतायत!" त्यांतला एक जाडजूड म्हातारा, ज्याला सगळे मामा म्हणायचे, त्याच वस्तीत राहायचा. तो दार अडवून उभ्या सुपरवायझरकडे बघत राहिला.

"माझ्या घरी चहा खारट लागतो," मामा हळूच म्हणाला. "मी बायकोवर ओरडत होतो."

त्याने आपल्या टँकरची किल्ली काढली. आणखी काहींनी काढली. दोघे मात्र भिंगऱ्याच्या नावाने बोटं मोडत गाड्या वळवून निघून गेले.

दुपारपर्यंत अख्खी वस्ती फाटकाशी जमली. ताई सगळ्यांच्या पुढे होती, पण भावाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मग सरकारी माणसं आली, बाटल्यांतून पाणी घेऊन गेली. निकाल यायला वेळ लागला. तोवर कंपनी 'किरकोळ तांत्रिक बिघाड' म्हणत राहिली. शेवटी विहीर सिमेंट ओतून बुजवली. वस्तीला दुसरीकडून पाण्याची लाइन मिळाली. बोअरचं पाणी मात्र तसंच राहिलं. ते कधी गोडं होईल असं विचारलं तर एक अधिकारी म्हणाला, "आपल्या हयातीत झालं तर नशीब."

भिंगऱ्याची नोकरी गेली, हे सांगायला नकोच. बाळ घरी आलं. काडीसारखं झालं होतं, पण आवाज खणखणीत.

बऱ्याच दिवसांनी तो लाँड्रीच्या दारात जाऊन उभा राहिला. आत शेजारची पोर बाळाला कडेवर घेऊन ताईशी बोलत होती. त्याला पाहताच तिचं बोलणं थांबलं. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, रस्ताभर त्याने ते जुळवलंही होतं. ती त्याच्या बाजूने खाली मान घालून निघून गेली, आणि ते तोंडातच राहिलं.

"माझा राग गेला असं समजू नकोस," ताई म्हणाली.

"नाही समजत."

"तिचा तर जाणारच नाही."

"हो."

तारेवरून उतरवलेली चादर तिच्या हातात होती. तिने दुसरं टोक त्याच्याकडे फेकलं. त्याने ते पकडलं, आणि दोघं समोरासमोर उभे राहून चादर ताणायला लागले.

"नीट ओढ," ताई म्हणाली. "सुरकुती राहतेय."